प्रौढ वयात पाण्यावर उताणे तरंगायला कसे शिकावे?

काठावरची

नमस्कार. मी ५४ वर्षांची असून नाशिकला राहते. माझे माहेर निफाड तालुक्यातले. आमच्या मळ्यात मोठी विहीर होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझे तिन्ही भाऊ तिच्यात पोहायला शिकले. आम्ही बहिणी मात्र काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळत असू, कारण मुलींनी विहिरीत उतरायचे नाही अशी घरातली शिस्त होती. ती हौस मनात राहून गेली, म्हणून यंदा होळीनंतर एका जलतरण तलावावर महिलांच्या सकाळच्या बॅचला नाव घातले.

अडीच महिन्यांत मला पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे, फळी धरून पाय मारणे आणि पालथे पडून काठापासून दहा-बारा फूट सरकत जाणे जमू लागले आहे. उताणे पडणे मात्र जमत नाही. पाठीखाली कोणाचा हात असला की मी व्यवस्थित तरंगते. तो हात निघाला असे नुसते वाटले तरी मान ताडकन वर येते, कंबर खाली जाते आणि नाकातोंडात पाणी जाते. त्यानंतर उरलेला अर्धा तास मी काठ सोडू शकत नाही. पहिल्याच आठवड्यात एका प्रशिक्षकांनी मला न सांगता हात काढून घेतला होता आणि मी चांगलीच गटांगळी खाल्ली होती. तुम्ही तरंगत आहात हे तुम्हाला कळावे म्हणून तसे केले, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांचा हेतू चांगलाच असेल, परंतु माझ्या अंगात त्या दिवसापासून जी भीती बसली ती अजून गेलेली नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या वयात, थोडे वजन वाढलेले असताना, हे शिकता येते का? तरंगताना पाय पाण्याच्या वर दिसलेच पाहिजेत का? आणि मानेचे नेमके काय करायचे? ‘अंग सैल सोडा’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले आहे, पण घाबरलेल्या माणसाने अंग सैल कसे सोडायचे हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

काटक

काठावरची ताई, मीही याच ठिकाणी अडलो आहे. माझे वय ३१, उंची पाच फूट दहा इंच आणि वजन ५८ किलो आहे. मला भीती वाटत नाही, पण माझे पाय दगड बांधल्यासारखे खाली जातात आणि त्यांच्यामागे मीही जातो. उत्तरांची वाट पाहत आहे.

जलसखी

काठावरची ताई, मी गेली १६ वर्षे ठाण्यात प्रौढ महिलांना पोहायला शिकवते. माझ्याकडे साठी ओलांडलेल्या स्त्रियाही उताणे तरंगायला शिकल्या आहेत, त्यामुळे वयाची काळजी तुम्ही सोडून द्या. वाढलेले वजन तर येथे उपयोगीच पडते, कारण चरबी पाण्याहून हलकी असते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मी तुम्हाला एक प्रश्न विचारते. उताण्या स्थितीतून, कोणाचाही आधार न घेता, तुम्हाला तळावर उभे राहता येते का? तुम्ही लिहिले आहे त्यावरून मला वाटते की ते तुम्हाला कोणी शिकवलेले नाही. पालथे असताना पाय खाली घेऊन उभे राहणे बहुतेकांना आपोआप जमते, कारण तळ डोळ्यांना दिसत असतो. उताणे असताना दिसते ते छत किंवा आकाश. जमीन कुठे आहे हे कळत नाही, आणि बाहेर पडण्याची वाट ठाऊक नसलेल्या खोलीत कोणीही निवांत झोपू शकत नाही. माझ्या अनुभवात प्रौढांना तरंगण्याची भीती फारशी नसते. ‘येथून परत कसे उठायचे’ हे माहीत नसल्याची भीती असते. म्हणून माझ्या बॅचमध्ये मी आधी उठायला शिकवते आणि तरंगायला नंतर.

उठण्याची पद्धत अशी आहे. पाणी छातीपर्यंत असेल अशा जागी, काठापासून हातभर अंतरावर उभे राहा. खांदे पाण्यात बुडेपर्यंत गुडघे वाकवा, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखी स्थिती होईल. सोबतिणीला आपल्या मागे उभे करून तिचा तळहात डोक्याच्या मागच्या भागाखाली घ्या. पाठीखाली हात नको, कारण पाठ पाणीच उचलते आणि आश्वासन हवे असते ते डोक्याला. आता डोके तिच्या हातावर टेकवून पाय तळावरून सुटू द्या. पूर्ण आडवे होण्याची वाट पाहू नका, लगेच परतीला लागा. हनुवटी छातीकडे आणा, गुडघे पोटाशी घ्या आणि दोन्ही हात कमरेच्या मागून खाली व पुढे असे फिरवा, जणू पाण्याची मोठी ओंजळ पुढे ओढून घेत आहात. या क्रियेने अंग पुढे कलंडते आणि पावले आपोआप तळाकडे येतात. तळ लागला असे नक्की जाणवल्यावरच पाय सरळ करा. हे होत असताना चेहरा क्षणभर पाण्याला लागू शकतो, म्हणून उठताना नाकाने हळूहळू श्वास सोडत राहा. गुणगुणल्यासारखा ‘म्’ असा आवाज केला तर नाकातून हवा बाहेर येत राहते आणि पाणी आत शिरत नाही.

ही एकच गोष्ट दोन-तीन दिवस, रोज वीस वेळा करा. या दिवसांत तरंगण्याचा विचारही करू नका. विसाव्या वेळेला तुमच्या लक्षात येईल की आडवे होण्याचा काळ नकळत लांबला आहे. घाबरलेल्या माणसाने अंग सैल कसे सोडायचे, या तुमच्या प्रश्नाचे माझ्याकडे हेच उत्तर आहे. सैल सोडा असे म्हणून अंग सैल होत नाही. परत येता येते याची शरीराला खात्री पटली की ते स्वतःहून सैल होते.

आता मानेविषयी. दोन्ही कान पाण्याखाली गेले पाहिजेत आणि नजर डोक्याच्या सरळ वर, किंचित मागे असली पाहिजे. जमिनीवर मागे पडू लागलो की मान पुढे टाकून डोके वाचवायचे हे शरीराला लहानपणापासून ठाऊक आहे. पाण्यात हीच सवय घात करते, कारण डोके वर आले की कंबर बुडते. कान बुडाल्यावर बाहेरचे आवाज बंद होतात आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. पुष्कळ जणी याच क्षणी दचकतात, म्हणून उथळ पाण्यात बसून, काठ धरून, नुसते कान बुडवण्याचा सराव आधी करून घ्यावा. हात खांद्यांच्या रेषेत पसरून पाण्यातच ठेवावेत, तळवे वर करावेत आणि पोट छताकडे उचलल्यासारखे ठेवावे. श्वास तोंडाने भरपूर घ्यावा, क्षणभर छातीत ठेवावा, अर्धाच सोडावा आणि पुन्हा घ्यावा.

पाय दिसलेच पाहिजेत असे अजिबात नाही. तोंड आणि नाक पाण्याबाहेर राहणे एवढेच महत्त्वाचे आहे.

शेवटी, हाताच्या आधाराबद्दल. शिकणाऱ्या व्यक्तीला न सांगता आधार काढून घेणे मला कधीच मान्य झालेले नाही. आधार कधी काढायचा हे शिकणारीने सांगायचे, असा माझ्याकडे नियम आहे. तुमच्या सोबतिणीकडून तसे वचन घ्या आणि तिनेही ते पाळावे.

कृष्णाकाठ

जलसखी यांचा प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. तरीही आम्ही विहिरीत शिकलेली माणसे एका मुद्द्यावर थोडे वेगळे बोलू. मी वाई परिसरातला असून पोहायला शिकलो तो आजोबांच्या विहिरीत, १९७० च्या दशकात. पाठीला पांगाऱ्याच्या वाळलेल्या लाकडाचा बिंडा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि आजोबांनी दोराचे टोक हातात धरून वरून सूचना करायच्या, अशी ती पद्धत होती. पांगाऱ्याचे लाकूड फार हलके असते. पुढे बिंड्याच्या जागी तेलाचा झाकणबंद डबा आला आणि त्यानंतर ट्यूब आली.

या पद्धतीत एक उणीव होती, ती मला पुष्कळ वर्षांनी उमगली. डबा पाठीवर असल्याने तो पाठीला वर ओढतो आणि माणूस पालथाच राहतो. उताणे व्हायचा प्रयत्न केला तर डबा अंगाखाली जातो आणि माणसाला पुन्हा पालथा करतो. त्यामुळे आमच्या पिढीतले कितीतरी पट्टीचे पोहणारे मुटका मारतील, तळाची खूण काढून आणतील, पण दमल्यावर पाठीवर पडून विसावा घेणे त्यांना माहीत नसते. मला स्वतःला उताणे तरंगणे वयाच्या विसाव्या वर्षी, नदीच्या डोहात एका वयस्क नावाड्याने शिकवले.

माझा वेगळा मुद्दा असा की विहिरीला किंवा डोहाला उभे राहण्याजोगा तळ नसतो. केवळ उभे राहण्याच्या भरवशावर जो तरंगायला शिकला, तो खोल पाण्यात पुन्हा घाबरणार. तेथे परतीची वाट निराळी असते. एक हात छातीवरून पलीकडे टाकायचा, त्याच बाजूला मान वळवायची आणि अंग कुशीवरून पालथे करून काठ गाठायचा. उलट दिशेने, पालथे असताना दम लागला तर कुशीवरून उताणे व्हायचे. ही पालट ज्याला दोन्ही बाजूंनी येते, त्याचेच तरंगणे संकटात कामाला येते.

जलसखी

कृष्णाकाठ काका, तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मी लिहिले ती पहिली पायरी होती. तळावर उभे राहणे निःशंकपणे जमले की पुढच्या टप्प्यात मी ही पालटच शिकवते, आणि तीही आधी छातीभर पाण्यात. काठावरची ताईंनी खोल बाजूला जाण्याची घाई करू नये म्हणून मी तिचा उल्लेख केला नव्हता. पाठीवरच्या डब्याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते मात्र मला नवीन आहे. विहिरीत शिकलेल्या काही पुरुषांना उताणे होताना इतके अवघड का जाते, याचा मला आता उलगडा झाला.

घनमापक

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे. काटक यांच्या अडचणीबद्दल लिहितो, कारण ती भीतीची नसून वजनाच्या वाटणीची आहे.

एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलो असते. माणसाच्या शरीराची सरासरी घनता याच्या इतकी जवळ असते की छातीतली हवा पारडे कोणत्याही बाजूला झुकवू शकते. छाती भरलेली असताना बहुतेक माणसे पाण्याहून किंचित हलकी असतात आणि संपूर्ण श्वास सोडल्यावर किंचित जड होतात. छातीत एक लिटर हवा जास्त घेतली की शरीराचे आकारमान एक लिटरने वाढते, वजन मात्र तेवढेच राहते, म्हणजे पाणी आपल्याला एक किलोने अधिक उचलून धरते. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आतबाहेर करतो. ‘अर्धाच श्वास सोडा’ या जलसखी यांच्या सूचनेमागे हे गणित आहे. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. डोके पाण्यात असेपर्यंत त्याचा बहुतेक भार पाणी पेलते. ते बाहेर काढले की तो सगळा भार उरलेल्या शरीरावर येतो, आणि भरून घेतलेला श्वाससुद्धा तेवढी भरपाई करू शकत नाही.

आता पायांबद्दल. पाणी आपल्याला जिथून उचलते ते केंद्र छातीच्या बाजूला असते, कारण हवा तेथे आहे. शरीराच्या वजनाचे केंद्र त्याहून खाली, बेंबीच्या आसपास असते. ही दोन केंद्रे एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर फिरत राहते, आणि म्हणून पाय खाली जातात. स्त्रियांच्या कमरेत व मांड्यांत चरबीचे प्रमाण सामान्यतः जास्त असल्याने त्यांचे पाय तुलनेने वर राहतात. काटक यांच्यासारख्या उंच, सडपातळ पुरुषांचे पाय अधिक वेगाने बुडतात. यात त्यांचा काही दोष नाही.

यावर उपाय म्हणजे वजनाचे केंद्र डोक्याकडे सरकवणे. दोन्ही हात पाण्यातूनच, पाण्याबाहेर न काढता, डोक्याच्या मागे लांब पसरा आणि गुडघे वाकवून टाचा मांड्यांच्या खाली येऊ द्या. हातांचे वजन पलीकडे गेले आणि पायांचे वजन जवळ आले की तोल सुधारतो. एवढे करूनही पाय तिरके राहिले तर राहू द्यावेत. दुसरे असे की उताणे होताना पाय वरून खाली पडू दिले तर त्यांना वेग येतो आणि तो वेग तोंडालाही खाली ओढतो. म्हणून आधी उभ्या स्थितीतच छाती भरून डोके मागे टाका आणि पाय जेवढे वर येतील तेवढेच येऊ द्या.

समुद्राच्या एका लिटर पाण्याचे वजन साधारण १०२५ ग्रॅम असते. त्यामुळे ७० किलोच्या माणसाला समुद्र तलावापेक्षा जवळजवळ पावणेदोन किलोने जास्त उचलतो. गोड्या पाण्यात बुडणारे पाय समुद्रात वर आले, असा अनुभव ज्यांना येतो त्यांचा तो भास नसतो.

काटक

घनमापक सर, आज सकाळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. हात डोक्यामागे नेल्यावर पाय पुष्कळ सावकाश खाली गेले आणि अंग सुमारे पंचेचाळीस अंशांवर स्थिरावले. आयुष्यात प्रथमच माझे तोंड कसलाही प्रयत्न न करता पाण्याबाहेर राहिले. पाय वर आलेच पाहिजेत या हट्टापायी मी इतके दिवस पाय मारत होतो आणि दमत होतो, हे आता कळले. मनापासून आभारी आहे.

योगाभ्यासी

या संदर्भात प्लाविनीचा उल्लेख व्हायला हवा. ‘हठयोगप्रदीपिका’ या ग्रंथात कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या, आठ प्रकारांत प्लाविनी सांगितली आहे. पोट वाऱ्याने भरून घेतलेला साधक अथांग पाण्यावरही कमळाच्या पानासारखा सहज तरंगतो, असे तेथे म्हटले आहे. आपल्याकडे नदीत पद्मासन घालून तासन्‌तास उताणे तरंगणारी माणसे मी पाहिली आहेत. नवशिक्यांनी पद्मासन घालून प्रयत्न केला तर तोल लवकर साधणार नाही का?

जलसखी

तोल लवकर साधतो हे खरे आहे, कारण पायांचे वजन छातीच्या जवळ येते, जे घनमापक सरांनी वर समजावून सांगितलेच आहे. तरीही नवशिक्यांना मी पद्मासन घालू देत नाही. गुंतलेले पाय पाण्यात घाबरून सोडवता येत नाहीत, म्हणजे उभे राहण्याची वाट आपण स्वतःच्या हाताने बंद करतो. ज्यांना उताणे तरंगणे आणि पालटणे दोन्ही उत्तम येते त्यांनी ते जरूर करावे, तेही कोणीतरी जवळ असताना.

शंखपुष्पी

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम केले आहे. कान बुडवण्याचा विषय निघाला म्हणून थोडे लिहिते. निरोगी कानात तलावाचे पाणी गेल्याने काही बिघडत नाही, कारण पडदा ते पाणी आतल्या भागात जाऊ देत नाही. बाहेर आल्यावर मान एका बाजूला कलती करून कानाची पाळी हलकेच ओढली की पाणी निघून जाते. काडी, पिन किंवा कापूस लावलेली काडी कानात घालू नये. त्याने कानाच्या नळीची त्वचा खरचटते आणि तेथे जंतुसंसर्ग होतो. ज्यांच्या पडद्याला छिद्र आहे, ज्यांचा कान वाहतो किंवा ज्यांच्या कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कान पाण्यात बुडवू नयेत. काही जणांना उताणे होताच गरगरल्यासारखे होते. तसे पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याला पाण्याची भीती समजून दुर्लक्ष करू नये, तपासून घ्यावे.

दूरदेशी

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ राहतो. येथे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या आरएनएलआय या स्वयंसेवी संस्थेने ‘जगण्यासाठी तरंगा’ अशा अर्थाची मोहीम बरीच वर्षे चालवली आहे. तिच्यामागचे शास्त्र या धाग्याशी अगदी जुळणारे आहे, म्हणून सांगतो.

पंधरा अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात माणूस अचानक पडला की त्याला धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही आणि हृदयाचे ठोके वाढतात. पहिलाच मोठा श्वास पाण्याखाली घेतला गेला तर तो जिवावर बेततो. हा धक्का साधारण एक ते दीड मिनिटात ओसरतो. पोर्ट्समथ विद्यापीठातील प्राध्यापक माइक टिप्टन यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. येथे लोकांना हेच शिकवले जाते की पाण्यात पडल्याबरोबर पोहायला सुरुवात करू नका. डोके मागे टाका, कान बुडू द्या, श्वास ताब्यात येईपर्यंत उताणे तरंगा आणि गरज वाटली तर हात हळुवार हलवत राहा. मदतीसाठी हाक मारणे किंवा काठाकडे पोहणे, हे सगळे त्यानंतर करायचे. पाय खाली गेले तरी चालेल, असेही ते स्पष्ट सांगतात. काटक यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

जपानमध्येही शाळकरी मुलांना ‘उइतेमाते’, म्हणजे ‘तरंगा आणि वाट पाहा’, असे शिकवले जाते. अंगावरचे कपडे आणि पायातले बूट न काढता उताणे तरंगण्याचा सराव तेथे करून घेतात, कारण खरी दुर्घटना पोहण्याच्या पोशाखात घडत नाही. हलक्या तळाचे बूट उलट पाय वर ठेवायला मदत करतात. साडी किंवा सलवार-कमीज नेसून असा सराव आपल्याकडे कोणी करून घेत असेल तर मला त्याबद्दल ऐकायला आवडेल.

महाराष्ट्रातले पाणी एवढे थंड नसते, पण हिमालयात गेलेली आपली माणसे गंगेच्या किंवा बियासच्या काठावर उतरतात तेव्हा त्यांना हा धक्का बसू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

कृष्णाकाठ

दूरदेशी यांच्या माहितीला मी दोन गोष्टी जोडतो. धबधब्याच्या तळाशी जे पांढरे, फेसाळ पाणी असते त्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे ते हलके असते आणि माणसाला नेहमीसारखे उचलत नाही. तलावात छान तरंगणाऱ्याने तेथे आपली विद्या आजमावू नये. पावसाळ्यातला कोकणचा समुद्रही या सरावाची जागा नाही, कारण लाट तोंडावरून जाते.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली आणि गावोगाव शेततळी झाली. त्यांपैकी पुष्कळ तळ्यांना आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्या उतारावर शेवाळ धरते आणि पाय घट्ट ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा बाहेर येण्यासाठी धडपड करून दमतो आणि पुन्हा पाण्यात घसरतो. अशा वेळी धडपड थांबवून उताणे पडणे, तरंगत राहून हाका मारणे आणि दोर येण्याची वाट पाहणे याने जीव वाचू शकतो. मला वाटते, खेड्यातल्या मुलामुलींना पोहण्याच्या इतर प्रकारांआधी हे एक शिकवले पाहिजे.

जलसखी

काका, साडीचा उल्लेख झाला म्हणून सांगते. प्रत्येक बॅचच्या शेवटच्या आठवड्यात मी महिलांना धुतलेला सलवार-कमीज घालून उथळ बाजूला उतरवते. ओले कापड जड होते असे सगळ्यांना वाटते. पाण्याच्या आत मात्र त्याचे ओझे फारसे जाणवत नाही, जाणवते ती त्याची अंगाला होणारी ओढ. उताणे पडल्यावर ती ओढ जवळजवळ नाहीशी होते. बाहेर चढताना मात्र कपडे खरोखरच जड होतात, आणि शेततळ्याच्या निसरड्या उतारावर हेच सर्वांत घातक ठरते. साडी नेसून मी अजून कोणाला उतरवलेले नाही. या वर्षी स्वतः करून पाहीन आणि मगच येथे लिहीन.

काठावरची

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. उशीर झाला याबद्दल सर्वांची क्षमा मागते, पण काहीतरी सांगण्यासारखे घडेपर्यंत लिहायचे नाही असे मी ठरवले होते.

जलसखी ताई, तुमचा अंदाज अगदी बरोबर होता. मला उताण्या स्थितीतून उभे राहता येत नव्हते आणि येत नाही हेही मला ठाऊक नव्हते. बॅचमधल्या एका मैत्रिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि तिने माझे डोके धरले. पहिल्या दिवशी आठ वेळा उठले, त्यांपैकी तीन वेळा नाकात पाणी गेले. ‘म्’ म्हणायला विसरत होते. दुसऱ्या दिवशी एकदाही गेले नाही. चौथ्या दिवशी मी स्वतःहून तिला हात काढ असे सांगितले आणि मनात सातपर्यंत आकडे मोजले. छताला पत्रे आहेत आणि त्यांतला एक हिरव्या रंगाचा आहे, हे मी तीन महिन्यांत त्या दिवशी प्रथम पाहिले.

कान बुडवण्याचा सराव मी घरी सुरू केला, बादलीत पाणी घेऊन आणि एकेक कान घालून. सूनबाईंना त्याचे आश्चर्य वाटले, पण तलावावर मला त्याचा उपयोग झाला. स्वतःचा श्वास ऐकू येणे आता मला आवडते. मी तो मोजत राहते आणि मोजण्यात गुंतलेले मन घाबरायचे विसरते.

पुढचे तीन आठवडे कृष्णाकाठ दादांनी सांगितलेल्या पालटीवर गेले. उजवीकडे लवकर जमली. डावीकडे अजून कंबर मागे राहते. गेल्या शनिवारी खोल बाजूला, जीवरक्षक काठावर उभे असताना, काठापासून दोन हात दूर जाऊन मी उताणे झाले. तळ खूप खाली आहे हे माहीत होते. सुमारे चार मिनिटे तरंगले, मग उजवीकडे पालटून तलावाच्या काठाची पन्हळ धरली. माझे पाय फारसे वर आले नव्हते. मी ते पाहिलेही नाहीत.

शेततळ्याबद्दल वाचले त्याच रात्री मी माहेरी फोन केला. आमची विहीर आता उन्हाळ्यात कोरडी पडते आणि तिच्या जागी द्राक्षांसाठी प्लास्टिकचा कागद घातलेले मोठे शेततळे आहे. त्याच्या शेजारी भावाच्या नाती खेळतात. भाऊ उत्तम पोहतो, परंतु त्या उतारावरून दोर न धरता वर येता येईल का, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. रविवारी त्याने चारही बाजूंना खुंट रोवून, हात-हात अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडले, प्रत्येक दोराच्या टोकाला हवा भरलेली जुनी ट्यूब बांधली आणि कुंपणाची तुटलेली जाळी बदलून घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत त्या दोघी नाती माझ्याकडे नाशिकला येणार आहेत. एक नऊ वर्षांची आहे आणि एक बारा वर्षांची. जलसखी ताई, एवढ्या मुलींना उठणे शिकवताना डोक्याखाली हात द्यायचा की खांद्याखाली, तेवढे कृपया कळवावे.

जलसखी

अभिनंदन, ताई. नऊ वर्षांच्या मुलीला सुरुवातीला तिचे डोके तुमच्या खांद्यावर टेकवू द्या आणि तुमचा गाल तिच्या गालाजवळ ठेवा, म्हणजे कान बुडलेला असला तरी तुमचे बोलणे तिला ऐकू येईल. दोन-तीन दिवसांनी तळहातावर या. बारा वर्षांची मुलगी बहुधा पहिल्या दिवसापासूनच तळहातावर तरंगेल. पाणी तिच्या छातीपर्यंत असावे, तुमच्या नव्हे. आणि दोघींना एकाच वेळी पाण्यात घेऊ नका. एक शिकत असताना दुसरीने काठावर बसावे, मग जागा बदलाव्यात.